पाचनईची पडवी

पहाटे २.५०

लाइट रात्री आठलाच गेली. मावशी अंधारातच उठते आणि चुलीवरच्या माळ्यावर हात घालते. तिथं मे महिन्यात रचलेली सुकी फाटी आहेत. हे अभयारण्य. उभ्या झाडाला हात लावता येत नाही. पडलेल्या फांद्या गोळा करायच्या, त्याही पाऊस लागायच्या आत. जुलैत सुकं फाटं म्हणजे रोख पैसा. गॅस आहे, पण टाकी राजूरहून जीपनं आणावी लागते, म्हणून तो चहा-पोह्यांपुरता. बाकी सगळं चुलीवर.

पाचनई. तालुका अकोले. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव. गड चौदाशे मीटरच्या वर आहे, आणि त्याच्या वाटांमध्ये ही सगळ्यात सोपी. म्हणून शनिवार-रविवारी सगळ्यात गर्दीची.

काल सकाळी मुलाच्या फोनवर ट्रेकच्या ग्रुपचा निरोप आला होता: ४३ + २. त्रेचाळीस पैसे देणारे. दोन लीडर. लीडरचं खाणं फुकट असतं, तो रिवाज आहे. दर ठरलेला. नाश्ता आणि दोन चहा साठ रुपये, दुपारचं जेवण एकशेचाळीस. म्हणजे माणशी दोनशे.

मावशी बॅटरी दाताखाली धरून पोहे मोजते. साडेचार किलो.

पहाटे ४.१०

आधी उजेड दिसतो, मग आवाज येतो. एक मोठी बस, मागे टेम्पो ट्रॅव्हलर. मुंबईहून रात्री दहाला निघालेले, कसारा, घोटी, राजूर करत. उतरणारे झोपेत आहेत. एकाच्या पायात चप्पल, बूट हातात. पाऊस पागोळ्यांवरून दोरीसारखा लागलाय.

मावशी दारात उभी राहून मोजते. बोटांवर नाही, ओठांत. अडतीस. लीडर धरून.

ती लीडरकडे बघते. तो पंचविशीचा, आवाज बसलेला. "मावशी, सात जणांनी शेवटच्या क्षणी कॅन्सल केलं. पावसाचा अलर्ट होता ना."

"बरं," मावशी म्हणते. आत जाते. पोह्यांतले काही बाजूला काढते. बेसन, बटाटे, डाळ कालच आणलंय, कांदे चिरून झालेत, पीठ दळून झालंय. ते बाजूला काढून काही होणार नाही.

अडतीस माणसं पडवीत आणि शेजारच्या खोलीत पसरतात. पंधरा बाय वीसची खोली, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. तीन वर्षांपूर्वी बांधली. थोडे पैसे साठवलेले, बाकी बचतगटाचं कर्ज. महिन्याला चोवीसशेचा हप्ता. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. तरी पाच मिनिटांत निम्मे घोरायला लागतात. उरलेले संडासाच्या रांगेत. संडास दोन आहेत. दुसरा गेल्या दिवाळीत बांधला. मावशीला विचारलं की सगळ्यात जास्त पैसा कशानं आला, तर ती दुसरा संडास म्हणते. त्याच्या आधी बायकांचे ग्रुप पुढच्या घरी जायचे.

५.२०

पोहे. कढई एवढी मोठी की उलथन्याऐवजी झारा लागतो, आणि तो दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. तेल, मोहरी, मिरची, कांदा. शेंगदाणे शेवटी वरून, नाहीतर पहिल्या दहा जणांच्याच ताटलीत जातात. चहात गवती चहाची पात, आलं, आणि पिशवीचं दूध. गाय आहे, पण पावसाळ्यात लिटरभर देते, ते घरालाच.

"मावशी, बिनसाखरेचा मिळेल का?"

मिळतो. एकूण चार बिनसाखरेचे, एक बिनदुधाचा. पूर्वी अशा मागण्यांचं नवल वाटायचं, आता छोटं पातेलं वेगळंच ठेवलेलं असतं.

६.४०

अंगणात रिंगण. प्रत्येकानं नाव सांगायचं आणि आधी कोणते ट्रेक केले ते सांगायचं. अकरा जणांचा हा पहिलाच. दोघांच्या पायात नेहमीचे धावायचे बूट, तळ गुळगुळीत. मामा, म्हणजे मावशीचे यजमान, ते बूट बघतात आणि काही बोलत नाहीत. आज तेच वाटाड्या आहेत. त्यांचे हजार वेगळे. वाट सोपी असली तरी धुक्यात वरच्या पठारावर ढोरवाटा फुटतात, आणि कोकणकड्याकडे चुकून पुढे गेलेला माणूस परत बोलवता येत नाही.

वनखात्याच्या नाक्यावर पावत्या फाडून रांग वर निघते. सगळ्यात पुढे थोरला मुलगा. राजूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. त्याच्या पाठीवर खताच्या गोणीला पट्टे शिवून केलेली पिशवी आहे. आत बेसन, कांदे, तेलाचा कॅन, मॅगीची पाकिटं, चहा-साखर, आणि पाच किलोची गॅसची छोटी टाकी. मी उचलून बघितली. पंचवीस किलोला कमी नसावी. वर देवळाच्या अलीकडे त्यांचं प्लास्टिकचं छप्पर आहे. खाली चाळीस रुपयांची भज्यांची प्लेट तिथं साठला. वरचे वीस रुपये ते त्या चढाचे.

७.१५

ताटल्या. अडतीस, आणि पेले अडतीस गुणिले दोन. ओढ्यावरून आणलेल्या पाइपचं पाणी अंगणात धो धो येतं. आता पाण्याला तोटा नाही. एप्रिलमध्ये हेच पाणी हंड्यानं डोक्यावरून आणावं लागतं. म्हणून ट्रेकर तोंड धुताना नळ चालू ठेवतात ते बघून तिच्या पोटात कालवतं. ती तिकडे बघत नाही.

स्टीलची ताटंच का? कागदी पत्रावळी स्वस्त पडतात, धुवायच्या नाहीत. पण त्या ओढ्यात जातात, आणि ओढा पुढे तिच्याच खाचरात जातो. म्हणून संगमनेरहून साठ ताटं आणली. त्यातली आठ हरवलीत. ताट हरवतं कसं, हे कोडं तिला अजून सुटलेलं नाही.

८.१०

आता शेत. मला वाटलं होतं मावशी थोडी आडवी होईल. ती डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन निघाली.

घराच्या मागं, ओढ्याच्या काठाला तीन खाचरं. आवणी चालू आहे. ट्रेकरांचा हंगाम आणि भाताची आवणी एकाच महिन्यात येतात, याला इलाज नाही. दोघांनाही तोच पाऊस लागतो. चार बाया रोजानं लावल्यात. तीनशे रुपये आणि दुपारची भाकर. पाचवी मावशी. मालकीण चिखलात उतरली नाही तर हात हळू चालतात, असं ती म्हणते. बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते. बाया हसतात.

राबातून उपटलेली रोपं मुठी बांधून बांधावर ठेवलीत. एक मूठ डाव्या हातात घ्यायची. अंगठा आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सुट्या करायच्या, चिखलात खोचायच्या, एक पाऊल मागं. पुन्हा. कंबर सरळ करायची ती खाचराच्या टोकाला गेल्यावरच, मध्ये केली की जास्त दुखते. पाणी पोटरीच्या वर. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरलेल्या, त्यांना रात्री खोबरेल लावायचं.

यंदा बाया मिळणं अवघड गेलं. घरोघर आवणी आहे हे एक. दुसरं म्हणजे, पाच-सहा घरांत शनिवार-रविवारी ट्रेकरांचा स्वयंपाक असतो. तिथंही रोज तीनशेच. पण भाकऱ्या कोरड्यात बसून थापायच्या असतात. मग चिखलात कोण येणार? मावशीच्या स्वतःच्या घरात आज दोघी स्वयंपाकाला येणार आहेत, त्यातली एक तिची धाकटी जाऊ. जाऊबाईला आवणी करशील का विचारलं होतं. तिनं भाकरी निवडली.

वर गड दिसत नाही. ढग आहे. मध्येच एक फट पडते, कातळावरून उतरणारा पांढरा पट्टा दिसतो आणि जातो. कड्याच्या पोटाखालून जाणारी वाट त्या बाजूला आहे, लोखंडी कठडे लावलेली. "आत्ता तिथं असतील," मावशी म्हणते आणि पुढची मूठ उचलते.

११.००

पाय धुवून चुलीशी. दोघी बाया आल्यात. मोठ्या चुलीवर डाळ शिजतेय, बटाट्याचा रस्सा लहान चुलीवर. पिठलं शेवटी, कारण ते आधी केलं तर घट्ट होतं आणि शहरातली माणसं त्यात पाणी मागतात.

खरं काम भाकरीचं. माणशी तीन धरायच्या. एकशेपस्तीसचा हिशोब काल केला होता. पीठ चौदा किलो, घरच्या नागलीचं, आणि थोडं तांदळाचं. दळणाला किलोला सहा रुपये. गिरणी लाइटवर चालते, म्हणून लाइट जायच्या आत काल दुपारीच दळून आणलं. मावशी एकदा त्या डब्याकडे बघते. अडतीसांना एकशेचौदा पुरतील. मग म्हणते, "सगळ्याच कर. पोरं दमून येतात, चार चार खातात." हे जाऊबाईला सांगते की स्वतःला, ते कळलं नाही.

उकळतं पाणी पिठात. हात घालवत नाही इतकं गरम, म्हणून आधी उलथन्यानं. मग काठवटीत मळायचं, तळव्याच्या खालच्या भागानं रेटून. नागलीला चिकटपणा कमी. पाणी कमी पडलं की कडेला चिरा जातात, जास्त झालं की तव्यावर टाकताना तुटते. गोळा, पीठ, थाप. काठवटीत भाकरी तळव्याखाली आपोआप फिरते असं वाटतं. आपोआप काही नसतं. बोटं थापतात, करंगळीची बाजू तिला ढकलते. मग तळव्यावर उचलून तव्यावर, वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या बेताला उलटायची, आणि शेवटी तवा बाजूला करून निखाऱ्याला लावायची. फुगली की फडक्यानं उचलून टोपलीत.

दोन तवे. एकेका भाकरीला दोन मिनिटं. म्हणजे सव्वादोन तास, न उठता. धुरानं डोळे गळतात. पावसात धूर वर चढत नाही, कौलांखालीच फिरतो. मध्ये जाऊबाई फुंकणी घेते आणि दोघी जागा बदलतात. तव्याच्या बाजूचा गुडघा सारखा भाजतो, म्हणून तासाभरानं बाजू बदलायची.

ही खाण्या-झोपण्याची सोय दुसरीकडे संस्थेनं केली. स्वित्झर्लंडच्या आल्पाइन क्लबनं स्थापनेच्या वर्षीच, १८६३ साली, ट्योडी शिखराच्या वाटेवर पहिली झोपडी बांधली. आज त्यांच्या अशा दीडशेच्या वर आहेत. तिथं सांभाळणारा असतो, पलंग नोंदवावा लागतो, रात्रीचं जेवण ठरल्या वेळेला मिळतं. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांनीही पुष्कळ केलं. सुळके चढले, नकाशे काढले, दरीत अडकलेल्यांना रात्री-अपरात्री वर आणलं. मुक्काम मात्र लेण्यात, देवळात, नाहीतर कुणाच्या तरी पडवीत. भटक्यांच्या बोलण्यात या पडव्यांचे पत्ते असतात: शाळेच्या पुढचं घर, आंब्यापाशी मावशी. संस्था बदलतात, लीडर बदलतात, फोनमधला नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हा तसाच एक नंबर आहे, आणि तो मावशीच्या नाही, मुलाच्या खिशात असतो.

१.५०

टोपली भरली. वर ओलं फडकं, त्यावर घोंगडीचा तुकडा. शेतातल्या बायांची भाकर आधी जाते. चार बायांना दोन-दोन, ठेचा, कांदा, आणि आज पिठलंही.

२.३५

पहिले तिघं परत आले. कठड्यांपाशी पाणी जोरात होतं, एकीचा पाय सटकला, दोघं तिच्याबरोबर उतरले. गुडघ्याला खरचटलंय. मावशी गरम पाणी आणि हळद देते, आणि बूट काढून चुलीजवळ ठेवायला सांगते. फार जवळ नाही. मागं एकाचा तळ वितळला होता, आणि त्यानं पैसे मागितले होते.

"दिले?"

"देते कशाला? बूट त्यानंच ठेवले होते."

३.४५

सगळे एकदम. पडवीत चिखल, ओले सॉक्स दोरीवर, कपडे बदलायला खोलीला पडदा. मग दोन रांगा, ताटं, आणि तिघी वाढायला. काहींना भाकरी खरंच चार-चार जातात. एका मुलानं सहा खाल्ल्या आणि उठताना शरमला. मावशी त्याच्या ताटात सातवी टाकते.

वर काय बघितलं, हे सगळे एकमेकांना सांगतायत. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात उतरून पिंडीला फेरी मारली, पाणी बर्फासारखं. चारातला एकच खांब उभा राहिलेला बघितला. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात ओणवे होऊन शिरले. आणि कोकणकडा?

"काहीच नाही दिसलं," एक मुलगी म्हणते. "पूर्ण पांढरं. पण भारी होतं."

मामा ओटीवर घोंगडी पिळतायत. कड्याच्या काठापासून वीस पावलांवर त्यांनी सगळ्यांना बसवलं, पुढे जाऊ दिलं नाही. दोघं भांडले. पैसे भरून आलोय म्हणाले. मामा त्यांच्या पुढे जाऊन काठाच्या बाजूला आडवे बसले. विषय संपला.

एक जण फोन घेऊन चुलीपाशी येतो. "मावशी, भाकरी थापतानाचा एक व्हिडिओ?" भाकऱ्या संपल्यात. तरी ती काठवटीत उरलेल्या पिठाची एक थापते, त्याच्यासाठी. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसते. ती भाकरी मी खाल्ली.

५.०५

हिशोब. दारात क्यूआर कोडचा कागद चिकटवलाय, वर प्लास्टिक. पण घरात नेटवर्क नाही. लीडर आणि थोरला दोघं पाण्याच्या टाकीवर चढतात, तिथं एक-दोन काड्या येतात. छत्री धरून उभे. खालून मावशी बघते.

"छत्तीस गुणिले दोनशे," लीडर सांगतो. "सात हजार दोनशे."

थोरला खाली आईकडे बघतो.

"त्रेचाळीसांचं केलं होतं," मावशी म्हणते. आवाज चढवत नाही.

"हो मावशी, पण आलेच नाहीत ना. मला पण त्यांचे पैसे परत करावे लागले."

ते खरं असेल किंवा नसेल. मावशी काही म्हणत नाही. हा ग्रुप महिन्यात दोनदा येतो. फोन वाजतो. सात हजार दोनशे जमा. मामांचे हजार लीडर रोख देतो, दोन ओल्या नोटा.

५.४०

गाड्या गेल्या. मागं राहिलं ते असं: चार सॉक्स, त्यांत जोडी एकच. एक टोपी. एक स्टीलची बाटली, चांगली. मावशी ते खिळ्याला अडकवते. कुणी फोन करून मागितलं तर पुढच्या गाडीनं देते, वर्षभरात नाही मागितलं तर घरात वापरते. थोरल्याची कॉलेजची पाठपिशवी अशीच आलेली आहे.

आता पुन्हा ताटं, आणि पडवी धुणं. चिखल खराट्यानं ओढून अंगणात. उरलेलं पिठलं शेजारी आणि जाऊबाईकडे. डाळ गायीला जात नाही, ती रात्री घरी.

७.३०

लाइट आली. मावशीची वही आहे, शाळेची दोनशे पानी. लिहितो थोरला, सांगते ती.

वाणसामान, दूध, भाजी तीन हजार दोनशे पन्नास. दळण चौऱ्याऐंशी. दोन बाया सहाशे. जीप दीडशे. गॅस महिन्याच्या शेवटी धरायचा. नागली, तांदूळ, फाटी घरची, ती लिहायची नाहीत. राहिले एकतीसशे सोळा. आवणीच्या चार बायांचे बाराशे त्यातूनच दिले, संध्याकाळीच, कारण उद्या त्या हव्यात. राहिले एकोणीसशे सोळा. वरच्या छपराखाली थोरल्यानं भजी-मॅगी विकून अकराशे आणले. सामान चारशेचं. मामांचे हजार वेगळ्या पानावर, ते बैलांच्या पेंडीचे.

"हप्ता कधी हाय?" मावशी विचारते.

"पंधराला."

ती मान हलवते. पावसाळ्याचे तीन-चार महिने हे असं चालतं. नंतर दिवाळीपासून थंडीचे तंबूवाले. एप्रिल-मेमध्ये कुणी नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत भात काढून झालं की ही दोघं नारायणगावला जायची, कांदा-टोमॅटोच्या रोजंदारीला, पोरांना आजीकडे ठेवून. आता गेल्या तीन हिवाळ्यांत गेलेली नाहीत.

८.१५

जेवायला बसतात तोच थोरल्याचा फोन टाकीवर वाजतो. पावसात तो तिथं पिशवीत गुंडाळून ठेवतात. उद्याचा ग्रुप, दुसराच. बावीस जण, पहाटे चारला. थोरला टाकीवरून ओरडून सांगतो, आणि "हो म्हणू का?" विचारतो.

मावशी ताटावरून उठून अंगणात येते. भर पावसात. "बावीस म्हटले तर बावीसचे पैसे, म्हणावं. कमी आले तरी."

थोरला फोनवर बोलतो. मग खाली: "तो म्हणतो, असं कुणी घेत नाही."

"मंग निम्मे आत्ता टाक म्हणावं. बाविसशे."

पुन्हा बोलणं. बराच वेळ. मध्ये आवाज तुटतो, थोरला टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्याला जातो. मामा दारातून म्हणतात, "अगं, दुसऱ्या घरी जातील." मावशी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही.

"आई, पंधराशे टाकतो म्हणतो."

"दोन हजार."

थोरला सांगतो. थांबतो. मग अंगठा वर करतो.

"आले?"

"टाकतो म्हणालाय."

"आले की मग सांग," मावशी म्हणते, "तवर मी पोहे मोजत नाय."